तिसरा सिलिंडर

चूक आपलीच निघावी, असं धाकटीला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

इंजिन तिनं आणि दादानं मिळून बांधलं होतं. वरचं हेड, त्यातले व्हॉल्व्ह आणि टायमिंगची चेन तिची. खालचा ब्लॉक, पिस्टन आणि पिस्टनच्या रिंगा दादाच्या. वडिलांच्या वेळेपासून गॅरेजात हीच वाटणी होती. ज्याचं काम चुकेल त्यानंच ते उघडायचं, हा नियमही त्यांचाच.

पत्रा लागून दादाच्या उजव्या मनगटाची नस कापली गेली होती. ती शिवल्यानंतर त्यानं बांधलेलं हे पहिलं इंजिन. हात पहिल्यासारखा झालाय, असं तो घरीदारी सांगत सुटला होता. वहिनीला ते पटत नव्हतं. "हे इंजिन नीट चाललं तर मी गप्प बसेन," तिनं बजावलं होतं. "नाहीतर तुम्ही गुमान काउंटरवर बसायचं आणि आत कारागीर ठेवायचा." दादा आणि काउंटर! गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं गोड बोलायची म्हटली तरी त्याचा घसा बसायचा.

आणि आता ते इंजिन बसवलेली गाडी सुरू झाल्यापासून नुसती थरथरत होती.

धाकटी स्टिअरिंगमागं बसली, अ‍ॅक्सिलेटर तळाला टेकवून चावी फिरवू लागली. दादा एकेका प्लगच्या जागी दाब मोजायचं गेज लावत होता. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर ठणठणीत. तिसऱ्याला काटा निम्म्यावर येऊन थबकला.

"स्टार्टर परत मार."

तिनं परत मारला. काटा तिथंच. दादानं गेजचा वायसर बदलला, हात पुसले, दारापर्यंत जाऊन आला. काटा तिथंच.

"तुझा व्हॉल्व्ह," तो म्हणाला.

"असेल. बसला नसेल नीट."

दादानं मान वर केली. "बरी आहेस ना, ठेंगू? एरवी तुझ्या हातून नट पडला तरी माझ्या नावावर खपवतेस."

ती हसली. तिसऱ्या सिलिंडरमध्ये तिनं चमचाभर ऑइल सोडलं. रिंगेपाशी फट असेल, तर ऑइल ती घटकाभर बुजवतं आणि काटा चढतो. व्हॉल्व्ह गळत असेल, तर काही फरक पडत नाही. चढू नकोस, चढू नकोस, असं मनात घोकत तिनं चावी फिरवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून दादाच्या तोंडाकडं पाहिलं. तो गेजकडंच बघत होता. तिला उतरून स्वतः बघावं लागलं. काटा चढला होता.

"ऑइलनं थोडा चढतोच," ती म्हणाली.

"थोडा?"

"थोडाच."

दादा उगाच फळीवरचे पाने-पकडी ओळीनं लावायला लागला. लावलेले काढून पुन्हा लावले. मग म्हणाला, "हवा भर. एकदाचा निकाल लागू दे."

पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून, सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते बघायचं. सायलेन्सरमधून किंवा हवेच्या पाइपातून आली तर व्हॉल्व्ह. ऑइल ओतायच्या तोंडातून आली तर रिंगा. कॉम्प्रेसर एवढा ढणढणत होता की कान असून नसल्यासारखे. हातानंच चाचपायचं.

सायलेन्सरशी तिला काही लागलं नाही. पाइपाशीही नाही. ती वळसा घालून आली, तर दादा ऑइलच्या तोंडावर उजव्या हाताची तीन बोटं धरून उभा होता आणि त्याचा चेहरा कधी नव्हे इतका सैलावला होता.

"इथून काही नाही!" तो ओरडला. "खालचं सगळं चोख आहे! उघड तुझं हेड!"

'उघडते', हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात तिला त्याच्या बोटांत अडकलेला, हात पुसायच्या सुती वेस्टचा धागा दिसला. तो ताठ उभा राहून फडफडत होता.

हवा बोटांवर आदळत होती आणि बोटांना पत्ता नव्हता.

आज हेड उघडावं, आणि तो कुठं गेला की गुपचूप खालचंही उरकावं. जमलं असतं. पण पुढचं इंजिन? त्याच्या पुढचं? आणि या गाडीला टर्बो होता, म्हणजे इंजिनात हवा ठासून भरणारा पंखा. असली रिंग नजरेतून सुटली, तर भर रस्त्यात पिस्टन जायचा, गाडीत कुणाची पोरंबाळं बसलेली असताना. तिनं हात लांब करून कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.

त्याच्या टाकीत अजून हवा होती. त्या शांततेत ऑइलच्या तोंडातून येणारी फुसफुस स्वच्छ ऐकू आली.

दादानं बोटं उचलली. पुन्हा ठेवली. मग वाकून त्यानं गाल तिथं नेला आणि तसाच राहिला. कपाळावरचे केस उडत होते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"नस शिवली तेव्हापासून. ताकद आली. बोटांना कळायचं ते आलंच नाही." तो सरळ झाला. "तू सांगणार वहिनीला?"

"तू सांगशील."

"मग काउंटर."

तिनं पाना उचलून त्याच्यापुढं धरला.

नियमाप्रमाणं त्यानंच उघडलं. तिचं हेडही उतरवावं लागलं. पिस्टन निघाला तेव्हा वरच्या रिंगेचे दोन तुकडे झालेले. पिस्टन आत ठोकताना रिंग ब्लॉकच्या काठाला अडकली होती. हातोडीच्या दांड्यातून ते तळहाताला लागतंच. त्याला लागलं नव्हतं, म्हणून त्यानं आणखी जोरात ठोकलं होतं. नशीब, बोरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नुसता ओरखडा होता, घासून निघाला.

नव्या रिंगा चढवून त्यानं त्या दाबून धरणारा क्लॅम्प आवळला. हातोडी उलटी धरून दांडा पिस्टनवर टेकवला. बराच वेळ ठोकलंच नाही. मग हातोडी तिच्यापुढं केली.

"तू ठोक. मी क्लॅम्प धरतो."

"मी कधी पिस्टन घातलाय का, दादा?"

"म्हणूनच हळू ठोकशील."

तिनं टकटक केलं.

"अडकतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही रे. बोलू नकोस मध्ये."

आणखी एक ठोका, आणि ती थांबली. दादानं क्लॅम्प घट्ट धरून ठेवला होता.

"कसं लागलं? नीट सांग."

"कुदळ दगडावर बसावी तसं. दांडा हातात परत आला."

दादानं डोळे मिटले आणि मान हलवली. "बरोबर. तेच ते." त्यानं क्लॅम्प सैल केला, रिंग पुन्हा बसवली, पुन्हा आवळला. "असंच सांगत राहा. आणि संध्याकाळी घरी चल माझ्याबरोबर. तिच्यासमोर मला एकट्याला बोलता येणार नाही."

"येते," ती म्हणाली आणि तिनं दांडा पुन्हा टेकवला.