भट्टीतल्या चार तारा

माझ्या निर्वात भट्टीला मी कुणालाही हात लावू देत नाही, म्हणून प्रयोगशाळेत मला सगळे कुलूपकाका म्हणतात. म्हणोत बापडे. पण पीएचडी करणाऱ्या एका पोरीने मला चांगलंच वठणीवर आणलं.

तिचा पदार्थ म्हणजे मोजक्या अणूंइतक्या जाडीचे पापुद्रे, एकावर एक बसवून केलेली काळी फिल्म. तिच्यातून वीज धावायला हवी होती, ती रखडत होती. पोरीचं म्हणणं एकच: पापुद्रे चांगले आहेत, पण आम्लातून काढताना त्यांच्या पृष्ठभागाला चिकटलेलं फ्लोरिन आणि मधे अडकलेलं पाणी वाट अडवतंय. दोन वर्षं ती माझ्याकडून भट्टीत फिल्म तापवून, थंड करून घ्यायची आणि विजेला होणारा रोध मोजायला शेजारच्या खोलीत न्यायची. आकडे दर वेळी वेगळे. तिच्या मार्गदर्शक सरांनी शेवटी शुक्रवारची मुदत दिली. नाहीतर विषय बंद.

सोमवारी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "काका, मीच मूर्ख. त्या खोलीत नेईपर्यंत फिल्म हवेतलं पाणी पुन्हा पिते. भट्टीच्या आतच मोजायला हवं. चार तारा आत सोडू द्या."

"माझ्या भट्टीला भोक? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"भोक नको. बंद पडलेल्या दाबमापकाची जागा आहे ना, तिथून." आणि तिने आराखडाच पुढे ठेवला. मी खोट काढायला बसलो. एकही निघाली नाही.

शुक्रवारी सरांसमोर भट्टी तापली आणि फिल्मचा रोध उतरू लागला. पाणी गेलं तेव्हा एकदा, बऱ्याच वरच्या तापमानाला फ्लोरिन गेलं तेव्हा पुन्हा. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

सर म्हणाले, "उष्णतेने तारा फिल्मला नीट चिकटल्या, म्हणून आकडा उतरला असेल, एवढंच."

तिच्याकडे ती एकच फिल्म उरली होती. भट्टी निवेपर्यंत तिने सरांना चक्क बसवून ठेवलं आणि मग दमट हवेची झडप उघडली. आकडा चढत गेला आणि निम्म्या वाटेवरच थांबला.

"पाणी परत आलं, सर. फ्लोरिन नाही आलं. तारा त्याच आहेत, तशाच चिकटलेल्या."

आपला सर्वांत चांगला आकडा असा आपल्याच हाताने मोडणारं माणूस मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ही तर गेली," सर म्हणाले. "पुढची फिल्म कधी करतेस?"

"सोमवारी," पोरगी म्हणाली आणि मला न विचारताच भट्टीचं दार उघडायला लागली.