काट्याचं घड्याळ

सिंदी गावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये दोन वजनकाटे आहेत. रेल्वे फाटकाच्या अंगाला जुना, तिथं रामाजी बसतो. डांबरी रोडच्या अंगाला नवा, तिथं लीना नावाची मुलगी बसते. कापसानं भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की कॉम्प्युटर वजन घेतो आणि पावती निघते. पावतीवर गाडीचा नंबर, वजन आणि वेळ. दोन्ही काट्यांवरच्या गाड्या आत एकाच जागी खाली होतात, म्हणून मुकादम पावतीवरची वेळ पाहून पुकारा करतो. ज्याची वेळ आधी, त्याची गाडी आधी. अंधार पडला की काम बंद. मग उरलेल्यांनी रात्र ट्रॉलीवरच काढायची, दिवाळीनंतरच्या थंडीत. म्हणून त्या वेळेला इथं फार किंमत आहे.

रामाजी बावीस वर्षं त्या काट्यावर आहे. कॉम्प्युटरही बावीस वर्षांचाच. तो ज्या माणसानं नागपूरहून येऊन बसवला तो पुन्हा कधी दिसला नाही, आणि वजनाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणत्या कॉम्प्युटरवर चालत नाही. त्यामुळे तो तसाच राहिला. चालू करताना रोज काही ना काही चौकट पडद्यावर येते, इंग्रजीत लिहिलेली. रामाजी वाचत नाही. ओके दाबतो. चौकट जाते.

दिवाळीनंतरचा तो पहिला सोमवार. सकाळी आठला फाटकापासून वेशीपर्यंत ट्रॅक्टर लागलेले. रामाजीनं कॉम्प्युटर चालू केला, चौकट आली, त्यानं ओके दाबलं आणि पहिली ट्रॉली काट्यावर घेतली. मग मान वर करायला सवड मिळाली नाही. पूर्वी साडेबाराला देवकाबाई डबा घेऊन यायची. आली की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पडद्याकडे पाहायची आणि म्हणायची, "पाहा, मी टाइमावर आली." आता डबा येत नव्हता. मागच्या माघात ती गेली. तेव्हापासून रामाजी सकाळीच दोन पोळ्या खाऊन निघायचा, आणि दुपार कधी झाली ते त्याला कळायचं नाही.

अडीचच्या सुमारास आत गलका झाला. हमालांचे आवाज थांबले आणि एकच आवाज उरला, तो चंद्रभानचा. चंद्रभान बाजूच्या गावचा, रामाजीच्या बरोबरीचा. दोघं एका वर्गात नापास झालेले.

"रामाजी, बाहेर ये बे!"

"काय झालं?"

"मलेच विचारतं काय झालं? तुह्या साळ्याले विचार. मी नव्या काट्यावरून उतरलो, तवा हा टपरीवर चहात टोस्ट बुडवून राह्यला होता. ट्रॅक्टर रोडवर उभा. माह्या डोळ्यानं पाह्यलं. आन पुकारा याचा आधी होते!"

देवकाबाईचा भाऊ रूपराव ट्रॅक्टरवर बसूनच होता. तो म्हणाला, "टोस्ट नोयता. बिस्कुट होतं."

"बिस्कुट तं बिस्कुट! पण तू मांगून आला का नाई?"

"आलो मांगून. पण पुकारा झाला, मी गाडी घेतली. पावती का मी लिहिली?"

मुकादमानं दोन्ही पावत्या समोर धरल्या. चंद्रभानच्या पावतीवर दहा पन्नास. रूपरावच्या पावतीवर दहा बेचाळीस. रामाजीला आठवत होतं, रूपरावची ट्रॉली त्यानं चांगली उशिरा घेतली होती.

लीना आपला काटा सोडून धावत आली. तिनं जुन्या कॉम्प्युटरचा पडदा पाहिला, हातातला मोबाइल पाहिला. "काका, हे घड्याळ एक तास मागं आहे. सकाळपासूनच असणार."

"असंच होते ते," रामाजी म्हणाला. "मांगंही झालं होतं. आपोआपच मांगं जाते."

एवढं म्हटलं आणि चंद्रभानला मोकळं रान मिळालं. "ऐका हो! घड्याळ आपोआप मांगं जाते म्हणते. माहं वय तं कधी आपोआप मांगं नाई गेलं! आन नेमकं आज काऊन गेलं? साळ्याची गाडी आज होती म्हणून!"

लोक हसले. पण ते हसणं रामाजीच्या बाजूचं नव्हतं. बावीस वर्षांत कोणी त्याच्या काट्याकडे बोट दाखवलं नव्हतं. लोक मुद्दाम नवा काटा सोडून त्याच्या रांगेत यायचे.

शेठ बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रामाजी, तुम्ही असं कराल असं मला वाटत नाही. पण मला वाटून काय उपयोग? यांना वाटलं पाहिजे. आज पाच वाजेपर्यंत मला दाखवा, घड्याळ आपोआप कसं मागं गेलं. तोवर या दोन्ही गाड्या बाजूला राहू द्या. नाहीतर उद्यापासून जुना काटा बंद. तुम्ही घरी आराम करा."

आराम हा शब्द रामाजीला फार लागला. घरी काय होतं? एक खाट, एक चूल, एक भिंत. काट्यावर दिवसभर माणसं होती.

तो सायकल काढून घरी निघाला. रस्त्यानं त्याला आठवत गेलं. हे घड्याळ वर्षातून दोनदा सरकायचं. सुरुवातीला तो घरी येऊन चिडायचा, बॅटरी गेली म्हणायचा. देवकाबाई चौथी शिकलेली, पण तारखांची पक्की. तिनं दोन-तीन वर्षं खुणा केल्या आणि एक दिवस सांगितलं, "तुमचं घड्याळ बॅटरीनं नाई बिघडत. ऑक्टोबरातला शेवटचा रविवार आन एप्रिलातला पहिला रविवार. दरवर्षी. सोमवारी जाल तवा आधी घड्याळ पाहात जा." तेव्हापासून त्या दोन सोमवारी ती चहाचा कप हातात देतानाच सांगायची. तो जायचा, घड्याळ सरळ करायचा, विसरायचा. असं का होतं ते त्यानं विचारलं नाही. बायकोनं सांगितलं, काम भागलं. यंदाच्या एप्रिलमध्ये सांगणारं कोणी नव्हतं, पण तेव्हा गाड्याच नव्हत्या. दुपारी घड्याळ पुढं गेलेलं दिसलं तसं त्यानं ते मागं केलं होतं, इतकंच.

घरात शिरल्यावर तो फळीवरचे डबे खाली काढू लागला. देवकाबाई जुनी कॅलेंडरं टाकायची नाही, फळ्यांवर अंथरायची. तिखटाच्या डब्याखाली दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर निघाला, तेलाचा गोल डाग पडलेला. तारीख एकोणतीस, त्यावर पेनानं गोल आणि बाजूला बारीक अक्षर: काट्याचं घड्याळ मागे. साखरेच्या डब्याखाली आणखी एक, तारीख तीस. एप्रिलचं एक पानही निघालं. पण चंद्रभान काय म्हणेल ते रामाजीला ठाऊक होतं. हे तू आत्ताच लिहून आणलं, असंच म्हणेल.

पानं घेऊन वळला तेव्हा त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. यंदाचं कॅलेंडर टांगलेलं होतं, आणि त्यावर फेब्रुवारी होता.

ती गेल्यापासून त्यानं पान उलटलं नव्हतं. जाणूनबुजून नव्हे. ते काम तिचं होतं, आणि तारीख पाहायची गरज त्याला पडत नव्हती. नवं कॅलेंडर आलं की ती त्याच दिवशी जुनं समोर घेऊन बसायची आणि सगळ्या वर्षाच्या खुणा नव्यावर उतरवायची. कोणाची लग्नं, कोणाची वर्षश्राद्धं, गॅस, डोळ्यांचा डॉक्टर. यंदाही जानेवारीत बसली होती, शाल पांघरून. खोकत होती.

रामाजीनं पानं उलटली. ऑक्टोबर आला. सव्वीस तारखेला गोल होता. बाजूला लिहिलं होतं: काट्याचं घड्याळ. ह्यायले सांगणे.

तो खाली बसला. थोड्या वेळानं उठला, तोंड धुतलं आणि खिळ्यावरून कॅलेंडर काढून घेतलं.

जिनिंगमध्ये पोहोचला तेव्हा साडेचार झाले होते. त्यानं कॅलेंडर शेठच्या टेबलावर ठेवलं, ऑक्टोबर वर करून. चंद्रभान वाकला. त्यानं वाचलं, आणि रामाजीला वाटलं होतं तेच तो बोलला.

"हे कधी लिहिलं?"

रूपराव पुढं झाला. इतका वेळ तो थट्टेत होता, आता त्याचा आवाज बदलला. "हे बाईचं अक्षर आहे, भाऊ. माह्या बहिणीचं. ती माघात गेली. तूच आलता ना मातीले?"

चंद्रभाननं पुन्हा ते अक्षर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हो. आलतो."

लीना मात्र पानं चाळत होती. "काका, एप्रिलमध्येही खूण आहे. सहा तारीख. घड्याळ पुढे. हा पहिला रविवार."

"हो. तसंच असते."

"मग पाहूनच घेऊ ना. काटा पाच मिनिटं थांबवते."

ती रामाजीच्या खुर्चीत बसली. मागं वीस-पंचवीस माणसं गोळा झाली, काही खिडकीतून पाहत होती. तिनं वजनाचं सॉफ्टवेअर बंद केलं आणि घड्याळ उघडलं. तारीख टाकली सहा एप्रिल. वेळ टाकली रात्रीचा एक वाजून एकोणसाठ मिनिटं.

"आता कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि तिनं स्वतःचे दोन्ही हात वर केले.

सेकंद पुढं सरकत होते. पन्नास. पंचावन्न. कोणाचं तरी नाक वाजत होतं. चंद्रभानचा चेहरा पडद्याच्या इतका जवळ आला की लीनाला सरकावं लागलं. साठ सेकंद पुरे झाले आणि पडद्यावर तीन वाजले.

"अन् दोन कुठं गेले?" खिडकीतून कोणी ओरडलं.

"आपोआप गेलं बुवा!" चंद्रभान म्हणाला. "माह्यासमोर गेलं!"

त्याच वेळी एक चौकट वर आली. रामाजी ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहत राहिला. "हीच ती. सकाळी हीच आलती. मी ओके दाबलं."

"यात लिहिलंय, मी तुमचं घड्याळ बदललं, जरा तपासून घ्या," लीना म्हणाली. तिनं घड्याळाच्या सेटिंगमधली आणखी एक जागा उघडली आणि हसायलाच लागली. "काका, हा कॉम्प्युटर बावीस वर्षं अमेरिकेत आहे. बसवणाऱ्यानं देश बदललाच नाही. तुम्ही वेळ इथली टाकली, पण त्याला वाटतंय आपण तिकडेच आहोत. तिकडे उन्हाळ्यात सगळे घड्याळ तासभर पुढं करतात, दिवस जास्त वापरता यावा म्हणून. थंडीच्या तोंडाशी परत मागं."

"तासभर लवकर उठलं तं नाई जमत का त्यायले?" चंद्रभाननं विचारलं.

"आणि तिकडच्याही तारखा कधीच्या बदलल्या. आता मार्च आणि नोव्हेंबर आहे. अठरा वर्षं झाली. ही सिस्टीम त्याच्या आधीची, हिला कोणी कळवलं नाही."

"म्हणजे अमेरिकेनं सोडलं," रूपराव म्हणाला, "पण सिंदीनं नाई सोडलं."

या वेळी लोक हसले तेव्हा रामाजीही हसला. शेठनी चहा सांगितला. मुकादमानं जुन्या काट्याच्या उरलेल्या पावत्या गोळा करून प्रत्येकीवर एक तास वाढवला आणि नवा पुकारा केला. चंद्रभानची गाडी आधी लागली. जाता जाता तो रूपरावला म्हणाला, "आता खा बिस्कुट." मग रामाजीजवळ थांबला. माफी वगैरे त्याच्या तोंडात बसत नव्हती. तो म्हणाला, "वहिनी हिशेबाची पक्की होती लेका. तुह्यापेक्षा."

"ते आहेच," रामाजी म्हणाला.

रूपरावची गाडी शेवटून दुसरी खाली झाली, उजेड जाता जाता. लीनानं तारीख आणि वेळ पुन्हा लावली, आणि देश बदलण्याआधी एक छोटी टिक दाखवली. "ही काढली ना काका, की पुन्हा कधी सरकणार नाही. काढू?"

रामाजीनं क्षणभर विचार केला. "काढ. लोकांची रात्र जाते."

घरी आल्यावर त्यानं फळ्यांवर पानं पुन्हा अंथरली, डबे जागच्या जागी ठेवले. कॅलेंडर खिळ्यावर टांगलं. या वेळी ऑक्टोबर वर ठेवला. टांगता टांगता सहज पुढची पानं उलटून पाहिली. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला गोल होता: ह्यायचे डोळे दाखवणे. डिसेंबरात एकवीसला: स्वेटर उन्हात टाकणे. त्याच्या पुढं, एकतीसला, काहीच नव्हतं, फक्त कोपऱ्यात: नवं कॅलेंडर आणणे.

म्हणजे अजून तीन कामं होती. रामाजीनं ती दोनदा वाचली. सकाळच्या दोन पोळ्यांनंतर पोटात काही गेलं नव्हतं, ते त्याला आत्ता कळलं. त्यानं चूल पेटवली आणि आज तिसऱ्या पोळीचीही कणीक भिजवली.