चिकटपट्टीचे दोन थर

मी विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेची पट्टी बोलतेय. माझी उंची आठ मिलिमीटर होती, आता पाच उरलीय. तीही धड नाही. भोकं पाडलीत, करवतीसारखे दात काढलेत.

माझं काम म्हणाल तर सोपं. पंखाच्या मागच्या कडेला, खालच्या बाजूनं काटकोनात उभं राहायचं. एवढ्याशा माझ्यामुळे वारा वळण बदलतो आणि पंख जास्त भार उचलतो. पण माझ्या पाठीमागे भोवरे उठतात, ते पंखाला मागे ओढतात. ही ओढ कमी करायचा आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी ध्यास घेतला होता. पंख तपासायचा वाऱ्याचा बोगदा त्यांना सहा आठवडे मिळाला होता. तेवढ्यात ओढीचा आकडा खाली आला नाही, तर त्यांचे साहेब काम बंद करणार होते.

आकडा काही हलेना. मग सगळे माझ्यावर घसरले. आधी मला बुटकी केली, मग भोकं, मग दात. "या पट्टीत दम नाही," साहेब म्हणाले. असा संताप आला!

कारण मला ठाऊक होतं. बोगद्यात पंख बसवून देणारे मिस्त्रीकाका मला चिकटपट्टीनं बसवायचे आणि वळसा घालून तिची जाड कड पंखाच्या पाठीवर यायची. वारा माझ्यापर्यंत पोचायच्या आधी तिथेच अडखळायचा. तुलनेसाठी माझ्याशिवाय नुसता पंख तपासताना चिकटपट्टीही नसायची, म्हणून तिच्यामुळे वाढलेल्या ओढीचं खापर माझ्या डोक्यावर.

शेवटच्या दिवशी दुपारी मॅडमनी पंखावरून बोट फिरवलं.

"काका, इथे जाड काय लागतंय?"

"दोन थर दिलेत, मॅडम. पट्टी उडून बोगद्याचा वारा सोडणारा पंखा मोडायला नको. पहिल्या दिवसापासून देतोय."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही कुठे विचारलंत?"

मॅडमनी चिकटपट्टी सोलून मला पातळ गोंदानं बसवलं. ओढ झपकन उतरली, उचल होती तेवढीच राहिली. पण पंख वेगवेगळ्या कोनांत तिरपा करून मोजायचा असतो, त्यातल्या जेमतेम एका कोनाची नोंद झाली आणि वेळ संपली. दुसरी मंडळी आपला पंख घेऊन दारात उभीच होती.

"एका आकड्यावर कोण विश्वास ठेवणार?" साहेब म्हणाले आणि काम बंद झालं.

सहा आठवडे चुकीच्या आकड्यांवर ठेवलात की, साहेब! आता मी मॅडमच्या खणात पाकिटात पडून आहे. वर त्यांनी लिहिलंय, 'टाकू नये.' मला फक्त एक दिवस वाऱ्यात उभं करा, बाकीचे कोन मी दाखवते. तेवढं कापू मात्र नका. कापण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही.