कोपऱ्यातली रायफल

“ती सोडून दुसरी बघा की,” असं म्हणत ईश्वरप्पा कोपऱ्यातल्या रायफलीपुढं आडवा उभा राहिला. गिऱ्हाइकाला वाटलं, चांगला माल लपवतोय.

मी त्याच दुकानाच्या कट्ट्यावर शिलाई मशीन मांडून बसतो. नाव चन्नप्पा, धंदा बंदुकांच्या खोळी शिवण्याचा. भवानी पेठेत बंदुकीचं दुकान आणि त्यातला नोकर कसा, तर गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, जन्मात अंड्याला हात लावलेला नाही! “ईश्वरप्पा, वर गेल्यावर रानडुकरं तुझ्या नावानं बोंब मारतील बघ,” असं मी चिडवायचो. तो पोट धरून हसायचा. पण ते पूर्वी.

गिऱ्हाईक कुर्डुवाडीकडचं होतं. मानसिंग आणि त्याची बायको बजाबाई. डुकरांनी सलग दोन वर्षं भुईमूग उकरून खाल्ला, तेव्हा कुठं परवाना मिळाला. त्या माणसानं जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. दुष्काळातून नुकताच वर आलेला, त्यामुळं ऐपतही बेताचीच.

ईश्वरप्पानं फळीवर एकेक रायफल मांडली. “ही पॉइंट टू-टू. स्वस्त हाय, हलकी हाय. पण डुकराला गुदगुल्या. जखमी डुक्कर अंगावर आलं म्हंजे?”

“नगं बाबा,” बजाबाई म्हणाली.

“ही जर्मन. लई जुनी. हिची काडतुसं आता मिळत न्हाईत. मग काय, काठी म्हणून वापरणार? आणि ही नवी, तीनशे पंधरा बोअरची. सरकारी कारखान्याची, बोल्टची. नवख्याला बोल्टचीच बरी. एक उडवली की दुसरीला बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा. तेवढ्यात डोकं ठिकाणावर येतं माणसाचं.”

नवीची किंमत ऐकून मानसिंगचं तोंड उतरलं. “आन् ती कोपऱ्यातली?”

आतल्या गादीवरून मालक गुरुबसप्पा ओरडले, “अरे, तीच दे की त्यांना! हीच जात, दुर्बीण बसवलेली, निम्म्यात. किती दिवस पूजत बसणार तिला?”

मशीनवरचा माझा पाय थांबला. त्या रायफलीचं मालकही एरवी नाव काढत नसत.

ती रायफल ईश्वरप्पानं स्वतः निवडली होती, जावयासाठी. अक्कलकोटच्या बाजूला दिलेली त्याची एकुलती एक पोरगी, दाक्षायणी. लग्नानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा मांडली. सासू म्हणाली, देवापुढं रिकामी घागर ठेवत नाहीत, मग बंदूक रिकामी कशी ठेवायची? जावयानं एक काडतूस घातलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता हो! पोरीनं कुंकू लावलं, आरती ओवाळली आणि झेंडूची माळ घालायला वाकली. माळेचा दोरा चापात अडकला, तो तिनं सोडवायला ओढला.

पुढचं मी सांगत नाही.

पंचनामे संपल्यावर जावयानं परवाना परत केला आणि रायफल दुकानात आणून टाकली. तेव्हापासून ईश्वरप्पा दर सोमवारी ती पुसायचा. दस्त्याच्या स्क्रूच्या खाचेत कुंकू राहिलं होतं. सगळीकडं तेल लावायचा, तेवढी खाच सोडायचा. एकदा मला म्हणाला, “चन्नप्पा, बोल्ट सरकवला की बांगड्या वाजतात रे.” मी म्हटलं, लोखंड वाजतं, येड्या. पण त्यानंतर सोमवारी त्या कोपऱ्याकडं बघायला माझीही छाती होईना. खोटं कशाला बोलू?

मालकाचा शब्द पडला म्हटल्यावर ईश्वरप्पानं रायफल आणली. लहान मूल द्यावं तशी दोन्ही हातांवर धरून. आवाज मात्र दुकानदाराचाच ठेवला होता.

“पयल्यांदा दुर्बिणीशिवाय शिका. पुढं नळीच्या टोकाला ही माशी दिसती का? तिच्यावर नेम धरायचा. हात बसला की मग दुर्बीण. डोळा लांब ठेवायचा, न्हाईतर दणक्यानं भुवई फुटती. आणि कोण आलंय ते दुर्बिणीतून बघायचं न्हाई. उघड्या डोळ्यानं डुक्कर ओळखलं, तरच रायफल उचलायची.”

मानसिंग मान डोलवत होता. बजाबाईनं मात्र हात पुढं केला आणि नवऱ्याच्या आधी बोल्ट मागं ओढून बघितला. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

ईश्वरप्पा मटकन स्टुलावर बसला. मी पाणी घेऊन धावलो. बजाबाई घाबरून म्हणाली, “काय झालं ओ काका? माझं काय चुकलं का?”

“न्हाई गं. ऊन लागलं जरा.”

सौदा ठरला. मानसिंग मालकाकडं पैसे द्यायला आत गेला. बजाबाई रायफलीजवळ थांबली होती. सहज, अगदी सहज म्हणाली, “काका, यात एक काडतूस घालून द्या की. नवी वस्तू घरात रिकामी कशी न्यायची?”

माझ्या हातातली कात्री खाली पडली.

ईश्वरप्पा उठला. त्यानं रायफल तिच्यापासून ओढूनच घेतली. “देत न्हाई! न्हाई विकायची मला! जावा तुमी!” आणि मग इतकी वर्षं जे त्यानं स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या बाईला भडाभडा सांगितलं. माळ, दोरा, चाप. सांगताना तो रडत होता आणि रायफल छातीशी घट्ट धरून होता. मालक आणि मानसिंग दारात येऊन तसेच उभे राहिले.

मला वाटलं, आता ही दोघं चालती होतील. माझ्यापुढं असं कुणी बोललं असतं तर मी तरी ती वस्तू घेतली नसती.

बजाबाई डोळे पुसत म्हणाली, “हे ठाऊक नसतं तर म्या घरी नेऊन तेच केलं असतं की ओ, काका. आमच्यात बी पुजत्यात. माझी सून वाकली असती.” मग रायफलीकडं बोट करून म्हणाली, “हीच द्या. दुसरी दिली तर म्या इसरून जाईन. ही घरात असंल तर इसरणार न्हाई.”

मानसिंग काही बोलणार होता. तिनं बघितल्यावर त्यानं मान डोलावली.

ईश्वरप्पानं मालकाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. “चन्नप्पा, खोळ शिव. एक कप्पा जास्तीचा.”

एवढं मन लावून खोळ मी कधी शिवली नाही. ईश्वरप्पानं रायफलीचा बोल्ट काढून बजाबाईच्या हातात ठेवला. “हा तुझ्या पेटीत, कुलपात. डुक्कर आलं तरच नवऱ्याला द्यायचा. पूजेला तर न्हाईच न्हाई.” मग शेजारच्या किराण्यातून मूठभर तांदूळ आणि हळकुंड आणलं. माझ्याकडच्या चिंध्यांतून खणाचा तुकडा शोधून घेतला. त्यात ते बांधून खोळीच्या जास्तीच्या कप्प्यात घातलं. लेकीची ही ओटी खरं तर गिरिजाबाईनं, त्याच्या बायकोनं भरायची. पण पोर गेल्यापासून ती या रस्त्यानं आलेली नव्हती.

“झालं,” तो म्हणाला. “आता रिकामी न्हाई.”

बजाबाई त्याच्या पाया पडली. “येते, काका.”

मानसिंगनं खोळ खांद्याला लावली. दोघं पायरी उतरून एस.टी. स्टँडच्या वाटेला लागली. ईश्वरप्पा दारात उभा राहिला. मराठी गिऱ्हाइकाशी तो कधी कन्नड बोलायचा नाही. आज बोलला. बजाबाई मागं वळली, पण तिला समजलं नसावं, आणि तो तिच्याकडं बघतही नव्हता. त्याची नजर खोळीवर होती.

“होगि बा, मगळे,” तो म्हणाला. म्हणजे, जाऊन ये, पोरी.

दोघं पेठेच्या वळणाआड गेली तरी तो आत आला नाही. मी मशीन चालू केली नाही.