तेवीस किलोंची बॅग

विमान परवा सकाळचं होतं. नवरा पाच महिन्यांपूर्वीच परदेशी नोकरीवर रुजू झाला होता. आता दोन लेकरांना घेऊन तिला एकटीनं जायचं होतं. ती घरीच कपडे शिवायची. शिवणाच्या खोलीत तिनं मोठी कापडी बॅग तीनदा भरून काट्यावर चढवली, पण काटा काही तेवीसच्या आत येईना.

"आता या ढब्बूलाच ठेवून जा माझ्यापाशी," मदतीला आलेली तिची आई म्हणाली. "वजन आपोआप उतरेल."

तीही हसली. सगळी बॅग पलंगावर उपसली आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून दाराशी गेली; आई चहा टाकायला आत वळली.

दहा मिनिटांनी वळून पाहते तर ढब्बू नाही. तीन वर्षांचं पोर. पलंगाखाली नाही, न्हाणीघरात नाही. मागचं दार मात्र सताड उघडं. ती तशीच अनवाणी रस्त्यावर धावली. गाड्या भरधाव जात होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं नुसती नकारार्थी मान हलवली.

ती परतली तेव्हा सहा वर्षांची थोरली बॅगेशेजारी भिंतीला चिकटून उभी होती.

"चिमणे, ढब्बू कुठाय?"

पोरीनं बॅगेकडे पाहिलं.

"अगं, बोल ना!"

"मी नेते त्याला लपवून," ती पुटपुटली. "तो गप्प बसतो म्हणालाय."

बॅगेची चेन बंद होती. वर नंबरचं कुलूप दाबून लावलेलं. आतून आवाज नव्हता.

नंबर तिनं सकाळीच बदलला होता आणि आता काही केल्या आठवेना. लग्नाची तारीख लावली, चिमणीचा वाढदिवस लावला. कुलूप ढिम्म.

"ढब्बू! बाळा, ओ दे रे!"

काहीच नाही.

"कात्री!" ती किंचाळली. तिच्या आईनं ती हातात ठेवली.

बारा वर्षं कापड बेतलेला हात, पण या कापडापलीकडे पोराचं तोंड होतं की पाठ? तिनं तळव्यानं चाचपलं. काहीतरी गरम लागलं. तिथून वीतभर लांब टोक रोवलं, आत बोट घालून कापड उचलून धरलं आणि कापत गेली.

ढब्बू बाहेर आला तो घामानं निथळत, मान टाकून. आजीनं तोंडावर पाण्याचा हबका मारला. मग त्यानं भोकाड पसरलं.

डॉक्टरांनी छाती तपासून घरी पाठवलं. चिमणी तोवर शिवणयंत्राखाली जाऊन बसली होती.

"का कोंडलंस गं त्याला?" तिनं वाकून विचारलं.

"आजी म्हणाली ना, त्याला ठेवून जा."

आजीनं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या मेलीच्या जिभेला हाडच नाही!"

चिमणीच्या आईचा हात मारायला उठला होता, पण त्याच हातानं तिनं पोरीला ओढून जवळ घेतलं. "मागे कुणी राहणार नाही. राहिल्याच तर बॅगा राहतील."

दोन दिवसांनी विमानतळावर तिनं दोघांची मनगटं घट्ट धरली होती. पासपोर्ट मागितले तरी हात सोडवेनात. शेवटी चिमणीनंच टाचा उंचावून तिच्या गळ्यातल्या पिशवीतून ते काढले आणि खिडकीत ठेवले.