बाराव्या मजल्यावरची वाडी

माझ्या हातून झाड मेलं असं म्हणायची आमच्या गास गावात कुणाची टाप नव्हती. पन्नास वर्षं विड्याच्या पानवेली सांभाळल्या मी. वाडीत कुणी चपला घालून शिरलं की हाकलून द्यायची, मग तो तलाठी असो नाहीतर सासरा.

ती वाडी माझ्या मुलाने, प्रणवने विकली. मला विचारलं नाही. सही कुठे करायची तेवढं दाखवलं. आता आम्ही नायगावला, बाराव्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसते. खारं पाणी, काय चाटायचंय?

सुनेने, रिद्धीने, ऑफिसातून स्नेक प्लांट आणलं. जाड, उभी, पट्ट्यापट्ट्यांची पानं, पांढरी चिनी मातीची कुंडी. "आई, याला काही करावं लागत नाही."

काही करावं लागत नाही? झाड आहे का फोटो? पानवेलीला घालायची तसं मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागले.

महिन्याभरात पानं पिवळी पडून लोळली.

"सोड ना, आई," प्रणव म्हणाला. "तुझा हात नाही राहिला आता झाडांचा. प्लास्टिकचं मागवतो, मस्त दिसतं."

अंगाची आग झाली. वाडी विकली, आता माझा हातही मोडीत काढतोय.

झाड उपटलं. बुडाचा वास आला आणि मी जीभ चावली. वेलीच्या मुळाशी पाणी तुंबलं की हाच वास येतो. कुंडी उलटी केली तर खाली भोकच नाही, दिखाऊ मेली! अर्धी चूक कुंडीची, अर्धी माझी. लाजत नाही मी सांगायला.

विळीवर सडकं कापून टाकलं. एकच पान वरून टणक होतं. त्याचे तीन तुकडे करून चार दिवस कागदावर सुकवले.

"मेलं की ते," प्रणव हसला.

"तू तुझा मोबाईल बघ."

रंगाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली. बिल्डिंगखालची रेती आणून मातीत मिसळली, बुडं खाली ठेवून तुकडे खोचले. दिवाळी नुकतीच झाली होती.

खरं अवघड पुढेच. रोज सकाळी हात आपसूक तांब्याकडे जायचा. मी तो डब्यातल्या रेतीत खुपसायची. बोटाला खालपर्यंत कोरडं लागत नाही तोवर थेंब नाही. कधी पंधरा दिवस, कधी तीन आठवडे. मधे प्लास्टिकचं झाड आलं. ते मी संडासात ठेवलं.

होळीच्या आदल्या दिवशी डब्यात बोटाच्या पेराएवढा कोंब दिसला. रिद्धी ओरडलीच. प्रणव कामावरून आला तो बुटांसकट पुढे, हातात पाण्याची बाटली.

"अरे वा! पाणी देतो बिचाऱ्याला."

मी मनगट धरलं त्याचं. "आधी बूट काढ."

"आई, घर आहे हे."

"वाडी आहे. मागची विकताना विचारलं नाहीस. इथं मला विचारल्याशिवाय थेंब पडणार नाही."

त्याने बायकोकडे बघितलं.

"काढ ना," रिद्धी म्हणाली.

तो खाली बसून नाड्या सोडायला लागला. मी रेतीत बोट घातलं. अजून ओली होती.