डाव्या हाताची बाजू

लास्टन वाकला की माझे हात शिवशिवतात. कुणाचेही शिवशिवतील. एवढा मोठा मिस्त्री, डेड्झाच्या अख्ख्या बाजारात ज्याला लोक वाट देतात, तो ट्रेलरच्या चेसिसकडे पाठ करून उभा राहतो, कमरेत मोडतो आणि स्वतःच्या दोन पायांमधून मागे बघतो. अशा वेळी मी त्याच्या पायांमागे कोंबडी सोडलीय, आरसा धरलाय, एकदा तर पास्टरनाच तिथे आणून उभं केलंय. पास्टर म्हणाले, "लास्टन, तुझी प्रार्थनेची पद्धत मला कळली नाही."

लास्टन माझा मामेभाऊ. आमच्यात आते-मामे भावंडांनी एकमेकांची थट्टा करायचीच असते. घरात, बाजारात, अगदी मयतालासुद्धा. आणि राग धरायचा नाही, हा नियम. आता मला तर नियम नसता तरी चाललं असतं.

पण त्याचं ते वाकणं उगीच नव्हतं. आमच्याकडे ट्रेलरची चेसिस पाठीवर झोपवून बांधतात. पोट आभाळाकडे. स्प्रिंगचे पाटे, अ‍ॅक्सल, ब्रेक सगळं वरून बसवता येतं, चिखलात लोळावं लागत नाही. झालं की अख्खं यार्ड, शेजारच्या बटाटेवाल्या, रस्त्याने जाणारा कुणीही, सगळे एका अंगाला लागतात आणि चेसिस कुशीवरून पलटी करून पायांवर उभी करतात. गोम इथेच आहे. पलटी झाली की पुढचं पुढेच राहतं, पण डावं जातं उजवीकडे. आणि ब्रेकला डावा-उजवा असतो. ड्रमच्या आत दोन शू, एकाची पट्टी आखूड, एकाची लांब. आखूड पुढे यायला पाहिजे. डाव्याचा ब्रेक उजवीकडे लागला तर आखूड जाते मागे. मग रिव्हर्स घेताना ट्रेलर गोंद लावल्यासारखा चिकटतो, आणि उतारावर नुसता पायाला गुदगुल्या करतो.

बाकीचे मिस्त्री खडूने खुणा करतात आणि तरी चुकतात. लास्टन चेसिसच्या शेपटीकडे, म्हणजे मागच्या टोकाला जायचा, पाठ करायचा, वाकायचा. उलट्या डोक्याने बघितलं की उलटी चेसिस सुलटी दिसते. त्याचा डावा हात ज्या बाजूला, तीच ट्रेलरची खरी डावी. डाव्या हाताने ठोकायचा, "इकडे डावा," आणि कामाला लागायचा. इतक्या वर्षांत एकही ट्रेलर परत आला नव्हता.

एलुबीताईचा ट्रेलर होता तो. बटाट्याची व्यापारीण. डेड्झाचा बटाटा गोलोमोटीचा घाट उतरून तळ्याकाठच्या गावांत नेते. तिचा नवरा त्याच घाटात गेला, दुसऱ्या कुणी बांधलेल्या ट्रेलरसकट. म्हणून ती लास्टनकडे आली होती.

त्या सकाळी मी पाटे बांधले, अ‍ॅक्सलचा बाक जमिनीकडे करून बसवला, म्हणजे पलटल्यावर वर येईल. ब्रेकची डावं-उजवं लिहिलेली खोकी उघडली. लास्टन आला आणि आकड्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आकडा म्हणजे जिथे गाडी जोडतात ते तोंड. तिथे त्याने पाठ केली आणि वाकला. आकड्याची दांडी त्याच्या पोटऱ्यांना लागत होती.

मी खूश झालो. म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, याला थट्टा सुचली. मला फसवतोय.

"लास्ट्या," मी म्हणालो, "तोंडाकडून बघतोयस. डॉक्टर आहेस का?"

तो हसला. तेवढ्यात वेल्डिंगचे रॉड संपले म्हणून मी बाजारात गेलो. बाजारात मी आणि काम पटकन, असं कधी होत नाही. परत आलो तर ट्रेलर चाकांवर उभा होता आणि एलुबीताईचा ड्रायव्हर गाडी जोडून चर्चच्या उतारावरून खाली चालला होता.

उतार छोटा. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. ट्रेलरने गाडीला ढकलत ढकलत थेट मक्याच्या शेतापर्यंत नेलं. मग तो रिव्हर्समध्ये आला, पुन्हा दाबला, आणि ट्रेलर जागच्या जागी खिळला.

ड्रायव्हरने चाक काढलं, ड्रम ओढला. आखूड पट्टी मागे.

"मिस्त्री," एलुबीताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "हे कुणी लावलं?"

लास्टनने हात पुढे धरले होते आणि त्यांच्याकडे बघत होता, जणू ते कुणीतरी सांभाळायला देऊन गेलं होतं. "मी वाकून बघितलं होतं," तो म्हणाला. "वाकून बघितलं होतं मी."

त्याचा चेहरा बघून माझं हसू कुठच्या कुठे गेलं. ती थट्टा नव्हती. पुढचं तोंड पायाला लागत असताना या माणसाला पुढचं कळलं नव्हतं. आणि हे आता पोरासोरांसकट सगळ्यांना कळणार होतं. त्याच्या हातात या यार्डात पुन्हा कुणी पानासुद्धा दिला नसता.

"तू बरोबर बघितलं होतंस," मी म्हणालो. "बाजारात जायच्या आधी मी खोक्यांतल्या ब्रेकची अदलाबदल केली. गंमत म्हणून."

माझ्याबद्दल हे कुणालाही खरं वाटतं. आयुष्यभराची कमाई आहे ती.

लास्टन डावखुरा आहे. थोबाडीत बसली ती उजव्या गालावर, आणि कान बराच वेळ वाजत राहिला.

"घाटात माणसं जातात, वायसन."

"आतेभावाची थट्टा आहे रे. राग धरायचा नसतो."

"तू माझा कुणी नाहीस." त्याने माझा वेल्डिंगचा मुखवटा उचलून रस्त्यावर भिरकावला. "निघ."

मी मुखवटा झटकला, डोक्यावर टोपीसारखा घातला आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. दोघं-तिघं हसलेसुद्धा. एलुबीताई हसली नाही. ती बटाटा न कापता आतून किडका ओळखते. माझ्याकडे नुसती बघत राहिली, मग लास्टनला म्हणाली, "तुमच्याच हाताने नीट करून द्या, मिस्त्री. मी थांबते." उभ्या ट्रेलरला डावं-उजवं चुकत नाही. तिने दोन्ही ड्रम पुन्हा उघडायला लावून स्वतः वाकून बघितले आणि मगच गेली, असं नंतर कळलं.

मी घरी बसलो. गाल सुजला होता. बायको म्हणाली, "लाज कशी वाटत नाही, ब्रेकशी खेळतोस." मी म्हणालो, "नाही वाटत." खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. लास्टन जन्मभर माझ्याशी बोलला नसता तरी चाललं असतं. रागावलेला लास्टन पुरा शाबूत होता. माणूस एकदा चुकतो, उन्हामुळे चुकतो, असं मी स्वतःला सांगत होतो.

रविवार गेला आणि तो दारात उभा. हातात कागदात गुंडाळलेली मंडासी, पिठाचे तळलेले गोड गोळे, गरम, कागदातून तेल झिरपणारे.

"काय रे, ताप आला होता का? यार्डात दिसला नाहीस."

मी कागद घेतला. नियम पाळला याने, मला वाटलं. राग सोडला, पण तसं बोलून दाखवायचं नाही म्हणून तापाचं निमित्त. भला माणूस. आनंदाने मी एक अख्खी मंडासी एकदम तोंडात कोंबली.

"ताप नाही," मी म्हणालो. "तुझ्या तोंडाचा कंटाळा आला होता."

"मलाही आलाय. चल, नवीन चेसिस झोपवलीय."

यार्डात गेलो. लास्टनने बाही सारली, आणि चालत चालत सरळ आकड्याकडे गेला. पाठ केली. दांडी पोटऱ्यांना लागली. वाकायला लागला.

मी पळत शेपटीकडे गेलो आणि त्याच्याआधी वाकलो. पायांमधून ओरडलो, "लास्ट्या, हिंमत असेल तर इकडे ये. कोण जास्त वाकतो बघू. हरेल तो नाचत बाजारात जाईल."

पोरं जमली. लास्टन हसत हसत माझ्या शेजारी येऊन वाकला. दोघांचीही बुडं आभाळाला, डोकी खाली, मध्ये उलटी चेसिस सुलटी होऊन उभी.

"वायश्या," तो हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू येईल असं. "यातली डावी कुठची रे?"

मी थट्टेवर नेलं. दुसरं काही येत नाही मला. "ज्या हाताने मला थोबाडलंस, त्या हाताची."

मी वाट बघत होतो, आता हसेल, आता शिवी देईल. त्याने मान वळवली. उलटा चेहरा, अगदी जवळ, लहानपणी खाटेखाली लपायचो तेव्हा असायचा तसा.

"मी?" तो म्हणाला. "मी तुला कधी मारलं?"

खाली डोकं केलं की डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही. कपाळावरून केसांत जातं. कुणाला दिसत नाही.

मी हात लांब करून त्याचं डावं मनगट धरलं आणि चेसिसवर ठोकलं. "इकडे डावा," तो मोठ्याने म्हणाला, अख्ख्या यार्डाला ऐकू जाईल असं.

आता प्रत्येक चेसिसला आम्ही दोघं वाकतो. लोक म्हणतात, वायसन सुधारायचा नाही.